सुई हातात घेतली की मन रमण्याऐवजी वैताग का येतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: चार महिन्यांपूर्वी छंद म्हणून हाताची शिलाई, विणकाम आणि गोधडी असं तिन्ही एकदम सुरू केलं. आज घरात काय आहे, तर मुंड्यापर्यंत येऊन थांबलेला काळा स्वेटर, पलंगभर गोधडीसाठी कापून ठेवलेले चौकोन आणि वाकड्या टाक्यांचे दोन रुमाल. ‘सगळे म्हणतात यात मन शांत होतं. माझी मान दुखते, दोऱ्याला गाठी पडतात, चिडचिड होते. माझा स्वभावच या कामाचा नाही का? आणि मशीन असताना हे सगळं हाताने करण्यात अर्थ तरी काय?’

तीसेक वर्षं मी हे काम करते आहे आणि त्यातली बरीच वर्षं शिकवतेही आहे. स्वभावाची शंका माझ्याकडे आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने घेतली होती. बहुतेकांच्या बाबतीत दोष निघाला तो दोऱ्याच्या लांबीत, सुईच्या जाडीत, दिव्याच्या जागेत किंवा कामाच्या आकारात. या कामातला आनंद लयीचा असतो. सुई आत, सुई बाहेर, दोरा ओढला, पुन्हा सुई आत. ही लय दहा-पंधरा मिनिटं अखंड चालली की मन आपोआप तिच्यामागे जातं. दर दुसऱ्या मिनिटाला गाठ सोडवावी लागत असेल तर लय लागणारच नाही, मग स्वभाव कितीही शांत असो. म्हणून लय कुठे कुठे तुटते ते बघू.

सुरुवात दोऱ्यापासून. सारखं ओवावं लागू नये म्हणून नवखी माणसं दोन-दोन, अडीच हात दोरा घेतात. तिथेच चुकतं. दोरा बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर पुरे. प्रत्येक टाक्याला दोरा कापडातून घासत जातो. लांब दोऱ्याचा शेवटचा भाग वापरायची वेळ येईपर्यंत तो शेकडो वेळा घासलेला असतो. त्याचा पीळ सुटतो, तंतू विस्कटतात आणि गाठी पडायला लागतात. शिवाय टाके घालताना आपण नकळत सुई बोटांत फिरवत असतो, त्याने दोऱ्याला जादा पीळ बसतो. दहा-बारा टाक्यांनंतर सुई सोडून द्यायची आणि दोरा लोंबू द्यायचा. तो स्वतःभोवती फिरून मोकळा होतो. रिळातून जे टोक आधी बाहेर येतं ते सुईत ओवायचं आणि जिथे कापलं त्या टोकाला गाठ मारायची. एवढ्यानेही गुंता बराच कमी होतो.

हाताच्या शिवणाच्या सुयांचे नंबर उलटे चालतात: नंबर मोठा, सुई बारीक. साध्या सुती कापडाला ७ ते ९ नंबरची सुई बरी. भरतकामाच्या सुईचं नेढं लांबट असतं, त्यातून दोन-तीन पदर जातात. गोधडीच्या सुया आखूड असतात, कारण तीन थरांतून लहान टाका घेताना लांब सुई वाकते. विणलेले भाग जोडायला मात्र बोथट टोकाची सुई हवी, टोकदार सुई लोकरीचा धागाच चिरते. सुई झिजते हे आपण विसरतो. कापडात शिरताना ती किंचित अडायला लागली, ‘टक्’ असा आवाज यायला लागला, की बदला. झिजलेल्या सुईने शिवताना हात जोर लावतो आणि संध्याकाळी अंगठा दुखतो.

अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलायला बोटावर चढवायची टोपी, नको वाटतं, मलाही पहिले चार दिवस नको वाटलं होतं. ज्या हाताने सुई ढकलता त्याच्या मधल्या बोटात ते घाला आणि आठवडाभर काढू नका. नंतर त्याच्याशिवाय हात अपुरा वाटतो. एका वेळी तीन-चार टाके सुईवर भरून एकदम ओढायचे तर मागून बोटाने रेटावंच लागतं, आणि धावदोऱ्याची, म्हणजे आत-बाहेर जाणाऱ्या साध्या सरळ टाक्यांची, खरी लय त्या तीन-चार टाक्यांच्या झोक्यातच आहे. सुई एका जागी धरायची आणि डाव्या हाताने कापड तिच्यावर वरखाली चढवायचं. हे एकदा जमलं की टाके मोजायची गरज पडत नाही.

आता वाकडे टाके. बारीक टाका म्हणजे चांगला टाका, ही समजूत आधी सोडून द्या. डोळ्याला खटकतो तो असमान टाका. मोठे पण एकसारखे टाके देखणे दिसतात. सेंटिमीटरला दोन टाके पडले तर सुरुवातीला भरपूर झालं. हात बसला की ते आपोआप बारीक होतात. सरावासाठी मी नेहमी बारीक चौकड्यांचं कापड देते. एक चौकडी वर, एक खाली. रेघ आखायला नको, अंतर मोजायला नको, कापडच हाताला शिकवतं. आठ दिवसांनी त्याच माणसाला कोरं कापड दिलं तरी हाताला अंतर लक्षात राहिलेलं असतं.

कोणता टाका कुठे, याबद्दल फार शिकवत नाही. ताण येणाऱ्या जोडाला उलटी टीप, कारण तिथे प्रत्येक टाका मागच्या टाक्यावर चढतो आणि एक तुटला तरी जोड लगेच उघडत नाही. थर एकत्र धरायला धावदोरा. दुमडलेल्या काठाला हेम, आणि हेम घालताना समोरच्या कापडाचे एक-दोन धागेच सुईवर उचलायचे, म्हणजे सुलट बाजूला काही दिसत नाही. या तिघांवर वर्षभर काम चालतं.

विणकामाकडे वळू, कारण काळ्या स्वेटरने तुमचा धीर सर्वांत जास्त खचवला आहे असं मला वाटतं. पहिलं काम काळ्या लोकरीत करूच नये. विणकाम शिकणं म्हणजे टाके वाचायला शिकणं. सुलट टाका इंग्रजी व्ही अक्षरासारखा दिसतो, उलट टाका आडव्या मण्यासारखा. खरं तर टाका एकच आहे, एका बाजूने सुलट दिसतो तो दुसऱ्या बाजूने उलट. हे ज्या दिवशी डोळ्याला दिसतं त्या दिवसापासून नमुन्याच्या कागदाकडे सारखं बघावं लागत नाही, आपण कुठे आहोत ते कामच सांगतं. काळ्या लोकरीत हे काहीच दिसत नाही. केसाळ लोकरीतही दिसत नाही. फिकट रंगाची, गुळगुळीत, मध्यम जाडीची लोकर घ्या आणि ४ ते ५ मिलिमीटरच्या सुया. सुया लाकडाच्या किंवा बांबूच्या असाव्यात, त्यावर टाके घसरत नाहीत. धातूच्या सुया वेग आल्यावर.

सुया घेताना नंबरावर विसंबू नका. जुन्या ब्रिटिश मोजणीत ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची असते, अमेरिकन मोजणीत ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर. एकात नंबर वाढला की सुई बारीक होते, दुसऱ्यात जाड. नमुना एका पद्धतीचा आणि सुया दुसऱ्या, असं झालं की अंगात न बसणारा स्वेटर तयार होतो आणि विणणारी व्यक्ती स्वतःला दोष देत बसते. सुईवर किंवा पाकिटावर मिलिमीटर लिहिलेले असतात, तेवढेच बघा.

मग येतो नमुन्याचा तुकडा, म्हणजे खरं काम सुरू करण्याआधी टाके मोजायला विणायचा छोटा तुकडा, जो सगळ्यांना टाळायचा असतो. मी तो कधीच टाळू देत नाही. समजा, नमुन्यात १० सेंटिमीटरला २२ टाके लिहिलेत आणि तुमच्या हाताने २० बसतात. फरक दोन टाक्यांचा. पण २०० टाक्यांचा घेर, जो ९१ सेंटिमीटर व्हायला हवा, तो तुमच्या हातून १०० सेंटिमीटर होईल. दोन महिन्यांच्या कामानंतर नऊ सेंटिमीटरचा घोळ कळण्यापेक्षा एका संध्याकाळी छोटा तुकडा विणणं केव्हाही बरं. तुकडा चांगला १५ सेंटिमीटरचा करा, धुवा, सपाट वाळवा आणि मगच मधल्या भागात मोजा. काठाजवळचे टाके नेहमी वेगळे वागतात. टाके जास्त बसत असतील तर जाड सुई, कमी बसत असतील तर बारीक सुई. हात बदलायचा प्रयत्न करू नका. घट्ट विणणाऱ्याने सैल विणायचं ठरवलं तर ते दहा ओळी टिकतं, मग मन दुसरीकडे गेलं की हात पुन्हा स्वतःच्या वळणावर येतो.

एका बाजूने सगळे सुलट दिसणारं विणकाम कडेने गुंडाळतं, त्यात तुमची चूक नाही. प्रत्येक टाक्यात धागा वाकवलेला असतो आणि तो सरळ व्हायला बघतो, म्हणून उभ्या कडा मागे वळतात आणि खालची कड पुढे. दोन्ही बाजूंनी सुलट ओळी विणल्या तर हा ताण दोन्हीकडे वाटला जातो आणि तुकडा सपाट राहतो. पहिलं काम म्हणून मी नेहमी असाच, नुसत्या सुलट ओळींचा मफलर सांगते. कंटाळवाणा वाटेल, पण हाताला लय त्यातच सापडते.

लोकर घेताना सगळे गुंडे एकाच रंग-घाण्याचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले, आहेत ना, हे वेष्टनावरच्या क्रमांकावरून बघा. रंगाचं नाव एकच असूनही घाणा वेगळा असेल तर छातीवर मधोमध पट्टा उमटतो. आणि खरी लोकर गरम पाण्यात चोळू नका. तिच्या तंतूंवर बारीक खवले असतात. उष्णता, ओलावा आणि घासणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि विणकामाचा नमदा, म्हणजे आटून घट्ट झालेलं जाड कापड, होतो. मी विणलेला पहिला पूर्ण स्वेटर असाच गेला, मोठ्या माणसाचा होता तो लहान मुलाला येईना इतका आटला. तो परत सैल करता येत नाही, खूप प्रयत्न केला होता मी.

गोधडीबद्दल बोलायला मला सर्वांत आवडतं. तुम्ही पलंगभर गोधडीचे चौकोन कापलेत, तेव्हा हा हिशोब बघा. १५० बाय २०० सेंटिमीटरची गोधडी, १० सेंटिमीटरचे चौकोन, म्हणजे ३०० तुकडे. दर पाच सेंटिमीटरला एक आडवी ओळ घातली तर ४० ओळी, प्रत्येक दीड मीटरची, एकूण ६० मीटर धावदोरा. सेंटिमीटरला दोन टाके धरले तर १२ हजार टाके. ज्याचा हात बसलाय त्याला हा आकडा ऐकून छान वाटतं, वर्षभराची सोबत झाली. नवख्याला तो डोंगर दिसतो. याउलट १२ सेंटिमीटरचे १६ चौकोन घ्या, सगळीकडे एक सेंटिमीटर शिवणीला सोडा. चार बाय चार जोडले की ४० सेंटिमीटरचा चौकोन तयार होतो, उशीच्या अभ्र्याला पुरेसा. पाच सेंटिमीटरच्या अंतराने आठ ओळी, साडेसहाशेच्या आत टाके. एवढं काम काही संध्याकाळींत उरकतं आणि हातावेगळी झालेली वस्तू समोर दिसते. शिवाय यात गोधडीचं सगळं तंत्र येतं, काहीच सुटत नाही. तुमच्या कापलेल्या ढिगातूनच १६ तुकडे काढा.

तुकडे जमिनीवर मांडा आणि डोळे किलकिले करून बघा. रंग पुसट होतात आणि फक्त फिकट-गडद उरतं. गोधडी देखणी होते ती याच फिकट-गडदाच्या खेळावर. मी पाहिलेल्या कितीतरी गोधड्यांत सुंदर रंगांचे तुकडे होते, पण सगळे मध्यम गडद, त्यामुळे लांबून चिखल दिसायचा. दोन-तीन खूप फिकट तुकडे घातले असते तर बाकीचे बोलू लागले असते. मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढला तरी हे चटकन कळतं.

सुती कापड आधी धुऊन घ्या, पहिल्या धुण्यात मीटरमागे तीन-पाच सेंटिमीटर सहज आकसतं आणि लाल-गडद रंग सुटतात. कापताना धाग्याची दिशा बघा. उभ्या-आडव्या धाग्यात कापलेला तुकडा आकार धरून राहतो, उरेब, म्हणजे तिरका, कापलेला ओढला की लांबतो. म्हणून चौकोन उरेब कापू नयेत, आणि गोल काठाला लावायची पट्टी मात्र उरेबच हवी, कारण तिला वळायचं असतं. जुन्या कपड्यांचे तुकडे घेत असाल तर जाडीत फार फरक नको. जीनचं कापड विरलेल्या मलमलीशेजारी जोडलं तर धुताना मलमल जोडाशी फाटते.

खाली अस्तर, मध्ये भर, वर जोडलेले तुकडे. अस्तर आणि भर चारही बाजूंनी पाचेक सेंटिमीटर मोठी ठेवा, शिवता शिवता वरचा थर सरकतो आणि कड अपुरी पडते. भरीला जुनी मऊ चादर उत्तम, ती जागा सोडत नाही. सुट्या कापसाची भर असेल तर ओळी जवळजवळ लागतात, नाहीतर कापूस एका कोपऱ्यात गोळा होतो. मग थर तात्पुरते धरून ठेवणारे कच्चे टाके. इथे घाई करणाऱ्याची गोधडी मागून चुण्यांनी भरते. अस्तर जमिनीवर ताणून कडा चिकटपट्टीने बसवा, वर दोन्ही थर हाताने मधून कडांकडे सारवत पसरवा, आणि मधून बाहेर जात मुठीएवढ्या अंतरावर लांब लांब टाके घाला. पक्के टाकेही मधूनच सुरू करायचे. कडेपासून आत आलात तर कापडाचा सगळा सैलपणा मध्ये अडकतो.

एक गोष्ट शिकवताना मला दरवेळी आनंद होतो, ती म्हणजे गाठ गडप करणं. दोऱ्याच्या टोकाला लहान गाठ मारा, सुई वरच्या थरातून, पहिल्या टाक्याच्या थोडं अलीकडे आत घाला, भरीतून नेऊन हव्या जागी बाहेर काढा आणि हलका झटका द्या. ‘पुट्’ असा आवाज होतो, गाठ कापडात शिरते आणि भरीत अडकून बसते. वरून काही दिसत नाही, खालून काही दिसत नाही. पहिल्यांदा हा आवाज ऐकलेल्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा असतो.

काम संपलं की धुवा. हाताच्या टाक्यांची गोधडी पहिल्या धुण्यानंतर थोडी आकसते आणि टाक्यांच्या मध्ये बारीक लहरी उठतात. तुम्हाला आज वाकडे वाटणारे टाके त्या लहरींत मिसळून जातात.

मशीनचं विचारलंत. विल्यम ली यांनी मोजे विणण्याचं यंत्र १५८९ साली बनवलं आणि एलायस हाव यांना शिवणयंत्राचं पेटंट १८४६ मध्ये मिळालं. म्हणजे हाताने विणण्या-शिवण्याची निव्वळ गरज फार पूर्वीपासून कमी कमी होत आली आहे, तरी माणसं हे करतात. वेळ वाचवायचा असेल तर चौकोन मशीनवर जोडा, त्यात कमीपणा काही नाही, मीही मोठ्या कामात जोडते. थरांमधला धावदोरा मात्र हाताने घाला. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकून घट्ट बसतात, धावदोऱ्यात एकच दोरा नागमोडी जातो आणि कापडाबरोबर वाकतो. अंगावर घेतल्यावर हा मऊपणा कळतो. आणि मशीनवर बसून शेजारच्या माणसाशी बोलता येत नाही, ऐकता येत नाही. सुई-दोरा घेऊन येतं.

उसवण्याची चीड येते असंही तुमच्या बोलण्यात जाणवलं. माझी कसोटी अशी: चूक पुढच्या कामाला वाकडं करणार असेल, मोजमाप बिघडवणार असेल, तर लगेच उसवा. ती शोधायला कापड डोळ्याजवळ आणावं लागत असेल तर राहू द्या. मशीनची शिवण उसवताना एका बाजूचा दर तिसरा-चौथा टाका कापायचा, मग दुसऱ्या बाजूचा दोरा सरळ ओढून निघतो, कापड फाटत नाही. विणकामात टाका खाली गळाला तर घाबरून सगळं उसवू नका. क्रोशाच्या सुईने तो आडव्या धाग्यांतून एकेक पायरी वर चढवता येतो. उसवलेली लोकर नागमोडी झालेली असते. ती तशीच विणली तर टाके असमान पडतात. खुर्चीच्या पाठीभोवती तिची लड करून चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवा, टांगून वाळवा. पुन्हा सरळ होते.

मानेचं दुखणं हलकं घेऊ नका. आपण डोकं कामाकडे नेतो, खरं तर काम डोळ्याकडे यायला हवं. मांडीवर जाड उशी घ्या आणि हात तिच्यावर टेकवा. उजव्या हाताने काम करणाऱ्याला दिवा डावीकडून हवा, म्हणजे हाताची सावली टाक्यावर पडत नाही. डावखुऱ्याला उजवीकडून. दर वीस-पंचवीस मिनिटांनी सुई ठेवून उठा, बोटं उघडा-मिटा, लांबवर बघा. सुई किती घट्ट धरली आहे ते अधूनमधून तपासा. बोटांना मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होत असेल, तर काही दिवस काम पूर्ण थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. ‘थोडंच राहिलंय’ म्हणून ओढत राहिल्याने माझ्या ओळखीच्या एका उत्तम विणणाऱ्या बाईंच्या सुया कायमच्या सुटल्या. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

तर आज संध्याकाळी एवढंच करा. चौकडीच्या कापडाचा हातभर तुकडा घ्या, कोपराएवढा दोरा ओवा आणि वीस मिनिटं धावदोरा घाला, काहीही बनवायचं नाही असं ठरवून. उद्या १६ चौकोन निवडा. काळा स्वेटर उसवू नका, टाकूनही देऊ नका. बोथट सुईत वेगळ्या रंगाचा जाड सुती दोरा ओवून सुईवरचे सगळे टाके त्यावर उतरवा, दोऱ्याची टोकं बांधा. कागदाच्या चिठ्ठीवर सुयांचं माप मिलिमीटरमध्ये, कितवी ओळ झाली आणि पुढची सुलट की उलट, हे लिहा आणि ती चिठ्ठी स्वेटरला पिनेने टाचा. फिकट लोकरीचे दोन मफलर विणून झाले की तो बाहेर काढा, दिवसाच्या उजेडात, खिडकीशी बसून.